ङ मोजायचा

विट्यात, मायणी रस्त्याला, यंत्रमागांच्या वरच्या मजल्यावर
आमची अभ्यासिका. महिना सहाशे, पंखा धरून.
खटखट खालून येते, फरशीतून, खुर्चीतून.
पहिले चार दिवस डोकं उठतं.
मग एखादा माग बंद पडला
की तेवढाच ऐकू येतो.

शिंत्रे सर म्हणाले, कच्च्या कागदावर आधी व्यंजनं लिहून काढा,
पाच-पाचच्या ओळीत. तोंडपाठ आहे म्हणू नका,
तोंडपाठवालेच पडतात.

क, ग, च, ञ, पुढे काय?
मी बोटांवर मोजलं. क पासून दोन, ग.
ग पासून दोन, च.
च पासून चार? जुळेना.
अश्लेषा म्हणाली प्रश्नच चुकीचा छापलाय,
मार्क सगळ्यांना मिळणार.
सर खडू घेऊन उठले. ग नंतर घ. घ नंतर?
च! आम्ही ओरडलो, अख्खी खोली.
सरांनी मधे एवढासा ङ काढला,
शेजारी टिंब दिलं, सावकाश.
"बोलत नाही म्हणून काय झालं? घरात राहतो ना?
मोजायचा."

दोन, तीन, चार. आता पाच.
उत्तर ण.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आले,
कारण डोक्यात भलतंच जुळायला लागलं होतं.
तात्या मदुराईला, गलाईच्या दुकानात.
मी पहिलीत होते तेव्हा आले.
मग तिसरीत. सहावीत. दहावीत.
दर वेळी फ्रॉक आणायचे
मागच्या वेळच्या मापाचा.
दहावीत आणलेला तर शेजारच्या पिंटीला बसला,
आणि तात्या तिच्याकडेच बघून हसले आधी.
हाताला ॲसिडचे पांढरे डाग, नखं पिवळी.
चार दिवस. पाचव्या दिवशी ट्रॅव्हल्स.

एक, तीन, सहा, दहा.
पुढचं पद पंधरा, म्हणजे बी.ए.चं शेवटचं वर्ष.
त्या वर्षी फोन आला. दुकान हलवलंय,
यात्रेला जमणार नाही.
मालिका तुटली असं नाही म्हणता येत,
पर्यायात उत्तर नव्हतं इतकंच.

पण दुसरी? चौथी, पाचवी?
सातवी, आठवी, नववी?
त्या मधल्या इयत्तांत
दप्तराची चेन कुणी शिवली,
पालक सभेला मागच्या बाकावर
पदर तोंडाशी धरून कोण बसलं,
हे मी कधी कागदावर लिहिलंच नव्हतं.
रात्री आई भाकरी थापत होती.
मी म्हटलं, तुला ङ माहितीय का?
म्हणाली, शाळेत होता की. मास्तर त्याला
अंग अंग म्हणायचे. नंतर कुठं भेटला नाही.
तवा उतरवला. मीठ दे म्हणाली.

भरतीचा पेपर सांगलीत. तासगावमार्गे पहिली एसटी.
आठशे मीटर आधीच निघालं होतं, गोळा कसाबसा.
हॉलमध्ये पुस्तिका उघडायच्या आधी
कोपऱ्यात ओळी मांडल्या,
आणि खरं सांगते, क च्या आधी
ङ लिहिला. मग त्याच्या मागची चार घरं भरली.

अक्षरमालिका एकच आली, आणि ती इंग्रजी.
नातेसंबंधाचे मात्र तीन.
फोटोकडे बोट दाखवून एक माणूस म्हणाला,
हिचे वडील माझ्या आजोबांचे एकुलते जावई,
तर ती त्याची कोण?
काळ्या पेनाने गोल भरला. बहीण.
आजोबा त्याच्या आईचे की बापाचे,
ते कुणी विचारलंच नव्हतं.

परत येताना खिडकीशी बसून
ण ने सुरू होणारा शब्द शोधत होते.
एकही नाही सापडला.
शेवटी मात्र सगळीकडे तोच.
येणं. जाणं.
राहणं.
विटा आलं तेव्हा स्टँडवर
आई उभी होती, पिशवी घेऊन,
कुठल्या फलाटावर गाडी लागेल ते माहीत नसल्यामुळे
दोन फलाटांच्या मधे.